संशयावरून

काचेच्या पेटीच्या डाव्या अंगाला असलेलं ते छोटं यंत्र सकाळी जागेवर नव्हतं. आधी तिच्या ते लक्षातच आलं नाही. नुसतं काहीतरी उणं आहे एवढं जाणवलं. तिनं बाळाकडे पाहिलं. बाळ होतं. टोपी होती, नाकातली नळी होती, छातीवर चिकटवलेल्या तारा होत्या आणि तिच्या तळहाताखाली झाकली जाईल एवढीशी छाती भराभर वरखाली होत होती. मग तिची नजर त्या मोकळ्या दांडीवर गेली. त्या यंत्रात औषधाची पिचकारी आडवी बसवलेली असायची आणि कुणी हात न लावता ती आपोआप पुढे सरकायची, इतकी हळू की सरकताना दिसायची नाही. नजर दुसरीकडे वळवून परत आणली की मात्र थोडी पुढे गेलेली असायची. बाळ जन्मल्यापासून ती त्या पिचकारीकडे बघत बसायची. बाळाला ती काहीच देऊ शकत नव्हती, धड जवळही घेऊ शकत नव्हती, पण ते औषध तिच्या डोळ्यांदेखत आत जात होतं आणि जोवर ते जातंय तोवर सगळं ठीक आहे असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आता तिथे पुसून काढलेली चकचकीत दांडी तेवढी होती.

"सिस्टर, इथलं मशीन कुठे गेलं?"

"काढलं, आई. सकाळी डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं."

"का?"

"ते सांगतील ना. हात धुतलेत?"

हात धुतलेत का, हा त्या खोलीतला नमस्कार होता. तिनं मान हलवली. सिस्टर पुढच्या पेटीकडे गेली, जरा घाईनंच गेली. ती घाई तिनं टिपली. ती स्वतः शहरातल्या बसमध्ये तिकीट तपासनीस होती, आणि अंगावर गणवेश नसला तरी नजर गणवेशातलीच राहिली होती. बसमध्ये चढल्याबरोबर तिला कळायचं कुणाकडे तिकीट नाही ते. बिनतिकिटाचा माणूस एक तर खिडकीबाहेर असं काही बघत बसतो की जणू बाहेर जत्रा भरलीय, नाहीतर सरळ डोळ्याला डोळा देऊन गोड हसतो. खरं तिकीट असलेली माणसं गोंधळतात, खिसे चाचपतात, घाबरतात. त्यामुळे घाबरलेल्या माणसाला ती सहसा त्रास देत नसे. पण घाईनं पुढच्या सीटकडे सरकणाऱ्याला तिनं कधी सोडलं नव्हतं. नवरा म्हणायचा, तुझ्यासमोर देव उभा राहिला तरी तू आधी त्याचा पास मागशील. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोरावर विश्वास ठेवल्याशिवाय त्याचं काम चालत नव्हतं आणि विश्वास ठेवला तर तिचं चालत नव्हतं, असं त्यांचं जमलं होतं.

औषध काढून घेतात, ते कधी काढून घेतात हे तिला माहीत होतं. वडिलांच्या वेळी तिनं ते पाहिलं होतं. सरकारी वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. आधी एक बाटली गेली, मग दुसरी, मग ती सलाइनची उंच काठी कुणीतरी उचलून दुसऱ्या खाटेपाशी नेली, आणि एक तरुण डॉक्टर येऊन म्हणाला होता, आता त्यांना आराम करू द्या. आराम हा शब्द त्या दिवसापासून तिच्या मनातून उतरला होता. टोचाटोची थांबली म्हणून आई हरखली होती; बघ, बरे होताहेत, म्हणाली होती. तिला मात्र कळलं होतं. आणि वडील तर औषधावर जगणारा माणूस. घरात कुणी शिंकलं तरी संध्याकाळी येताना लाल-पिवळ्या कॅप्सूल घेऊन येणारे. खिशातून पट्टी काढून कात्रीनं दोन-दोन कापून द्यायचे, "पॉवरचं औषध आहे, उद्या उड्या मारशील." दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेली पट्टी बिस्किटाच्या डब्यात. तो डबा घरातला दवाखाना होता. शेजारीपाजारीही येऊन घेऊन जायचे. वडिलांनी कधी तिला जवळ घेतल्याचं तिला आठवत नव्हतं, पण तापलेल्या जिभेवरची ती गुळगुळीत कॅप्सूल आणि तिच्यामागून पाण्याचा पेला धरलेला त्यांचा हात आठवत होता. औषध देणं म्हणजे जीव लावणं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या रक्तातच होतं. आणि औषध काढून घेणं म्हणजे? तिनं पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि बोट बाळाच्या मुठीत दिलं. मूठ मिटली. सोडून दिलेली माणसं अशी मूठ मिटतात का, ती बघत राहिली.

डॉक्टर दुपारी आला. तिथल्या बाळांच्या सगळ्या आया त्याला बगळा म्हणायच्या, कारण तो उंच, किडकिडीत होता आणि पेटीशी उभा राहिला की एक पाय दुमडून दुसऱ्याच्या मागे टेकवायचा. बोलतानाही तसाच उभा राहिला.

"तुम्ही औषध बंद केलं," ती म्हणाली.

"हो. सांगणारच होतो तुम्हाला. बाळ वेळेआधी आलं, पाणी आधीच गेलेलं, श्वासाला त्रास होता. जंतुसंसर्ग असेल असा संशय होता. थांबायला वेळ नसतो, म्हणून संशयावरून औषध सुरू केलं आणि त्याआधी रक्त तपासायला पाठवलं. त्यात जंतू काही वाढले नाहीत. बाळाचा श्वासही सुधारला. संशय फिटला, औषध थांबवलं."

संशय फिटला. केवढ्या सहज म्हणाला. तिला हसू येणार होतं. आयुष्यात तिचा एकही संशय असा फिटला नव्हता. फार तर माणूस पुढच्या थांब्यावर उतरून जायचा.

"पण चालू ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? अजून थोडं. काळजी म्हणून."

"बिघडतं. याच्या पोटात आता कुठे चांगले जंतू घर करायला लागलेत, तुमच्या दुधातून. औषध त्यांनाही मारतं. अशा बाळांची आतडी नाजूक असतात, उगाच औषध लांबवलं तर त्यांनाच धोका. आणि जे जंतू त्या औषधाला पुरून उरतात ते मग इथेच राहतात, या खोलीत. पुढच्या बाळाला जेव्हा खरंच गरज पडेल, तेव्हा ते औषध चालत नाही."

पुढच्या बाळाला. म्हणजे हा माझ्या बाळापाशी उभा राहून पुढच्या बाळाचा विचार करतोय. तिनं त्याचे डोळे पाहिले. तो सरळ बघत होता, गोडही हसला. तिच्या मनात काहीतरी कट्कन लागलं. बिनतिकीट.

मग तिनं खोलीभर कुणाकुणाची यंत्रं चालू आहेत ते पाहायला सुरुवात केली. दाराजवळच्या पेटीचं नव्हतं. मधल्या पेटीचं नव्हतं. पण कोपऱ्यात, काचेच्या वेगळ्या भिंतीआड जी पेटी होती तिच्याजवळ एक सोडून अनेक पिचकाऱ्या हळूहळू पुढे सरकत होत्या. ती जुळ्यांच्या आईची पेटी. जुळ्यांची म्हणायचे, पण पेटीत एकच होता. दुसरी, त्याची बहीण, गेली होती. त्या बाईशी कुणी फारसं बोलत नसे. ती यायची, हात धुवायची, पुन्हा धुवायची, वेगळा झगा घालून काचेआड जायची आणि बाहेर आली की परत हात धुवायची. तिच्यासाठी सिस्टरही वेगळी. हिच्यावर एवढी मेहेरबानी का? नवरा कुणी बडा असेल. नाहीतर ओळख असेल. तिला ओळखीची माणसं चटकन कळायची, ती तिकीट विचारलं की आधी कुणाचं तरी नाव सांगायची. दूध काढायच्या खोलीत त्या बाईच्या शेजारी पंप लावून बसताना ती तिच्या चपला, तिची पिशवी, तिच्या कानातलं न्याहाळायची. सगळं साधं होतं. त्यानं तर संशय वाढलाच. बडी माणसं हल्ली साधीच राहतात.

संध्याकाळी भेटायच्या वेळी नणंद आली. नणंद एका मोठ्या खासगी इस्पितळात स्वागतकक्षात बसायची. डॉक्टरांच्या इतक्या जवळ बसून बसून तिला अर्धी डॉक्टरकी आलेली होती आणि उरलेली अर्धी ती आवाजानं भरून काढायची.

"बंद केलं? असं कसं बंद केलं?" ती बाहेरच्या बाकावर बसताबसता म्हणाली. "आमच्याकडे बाळ आलं की पहिल्या दिवसापासून सगळ्यात जबरी इंजेक्शन लावतात. जंतूची काय बिशाद! इथे काय, वाट बघत बसतात. तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"ताई, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगला आहे," नवरा म्हणाला.

"तू गप रे. तुला लिफ्टचं कळतं. मी उद्या आमच्याकडे जागा बघते. आमची गाडी येईल, आत सगळी सोय असते. दुपारी घेऊन जाऊ."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे हो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "एवढ्याशा जीवाला गाडीत घालून न्यायचं?" आणि ती म्हणाली, "एवढ्याशा जीवाला बिनऔषधाचं ठेवायचं?" दोघंही बरोबर होते, त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही. पोटाचे टाके ओढत होते. छाती दुधानं दगडासारखी झाली होती. डोळे मिटले की पिचकारी दिसत होती, सरकत नसलेली.

दुसऱ्या दिवशी, गाडी यायची होती त्याच्या आधी, बाळ श्वास घ्यायचं थांबलं. ती समोरच होती. नुकतंच नळीतून दूध दिलेलं. बाळानं ओठ मुडपले, मान किंचित ताणली आणि मग काहीच केलं नाही. छाती हलेना. ओठांभोवती जांभळी सावली पसरली, जशी पाण्यात शाई पसरते. यंत्र ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली, तिनं बाळाच्या तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, मान सरळ केली, तोंडातून बाहेर आलेलं दूध ओढून घेतलं. बाळानं एक उचकीसारखा श्वास घेतला, मग दुसरा. रंग परत आला. हे सगळं होऊन गेलं तरी तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, ती केव्हापासून ओरडत होती, "औषध लावा! औषध लावा त्याला!"

बगळा आला तो जवळजवळ पळतच. त्यानं बाळाचे कपडे काढले, पोटावर हात ठेवला, छाती ऐकली, अंगठ्यानं कातडी दाबून रंग किती पटकन परत येतो ते पाहिलं, नाकातली नळी मोजून बघितली, मग पुन्हा पोट. एवढा वेळ लावला की तिला वाटलं तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय.

"रक्त पाठवतो," तो सिस्टरला म्हणाला. "दूध कमी कमी आणि सावकाश द्या. औषध आत्ता नाही."

"आत्ता नाही?" तिचा आवाज फाटला. "अजून काय व्हायला पाहिजे?"

"बाळ श्वास विसरलं. लवकर आलेली बाळं विसरतात, दूध वर आलं की जास्त विसरतात. पोट मऊ आहे, रंग चांगला आहे, ताप नाही, अंग थंडही नाही. एकदाच झालंय. जंतूचं वाटलं तर मी त्याच मिनिटाला लावेन."

"आणि चुकलात तर?"

तो पुन्हा पेटीवर वाकला. ती बाहेर आली, नणंदेला फोन लावला, "गाडी लवकर पाठवा," म्हणाली, आणि दुधाच्या खोलीत जाऊन बसली. दूध आज येत नव्हतं. पंप नुसता ओढत होता. जुळ्यांची आई शेजारी होती. तिनं फोन ऐकला असावा.

"नेतेस?"

"हो."

"कुठे?"

तिनं नणंदेच्या इस्पितळाचं नाव सांगितलं. बाईनं बाटलीत दूध किती झालं ते पाहिलं.

"आम्ही तिथनंच आलो," ती म्हणाली. "चांगलं आहे. स्वच्छ आहे. माझ्या दोघांना त्यांनी पहिल्यापासून सगळ्यात भारी औषध लावलं होतं. काही झालं नव्हतं तरी. खबरदारी, म्हणाले. मला इतकं बरं वाटायचं बघून. आपल्या लेकरांना सगळ्यात भारीतलं मिळतंय." तिनं पंप बंद केला. "मग खरंच जंतू लागला. तेव्हा सगळी औषधं देऊन झाली, पण काही लागू पडेना. मुलगी गेली. याला इथे आणलं. तू बघतेस ना आमच्या पिचकाऱ्यांकडे? तेवढ्या आहेत, कारण एकीनं भागत नाही. आणि सगळ्या मिळून तरी भागेल का, कुणी सांगत नाही."

तिला मनातल्या मनात शरम वाटली, आणि त्याच क्षणी, शरमेच्या पाठीला पाठ लावून, दुसरा विचार आला: हिला बगळ्यानं पाठवलं असेल. मला थांबवायला. असा विचार आपल्या डोक्यात येऊ शकतो याचं तिला जरा नवलही वाटलं नाही. तिनं त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं, तपासनीस बघते तसं, कडेनं. बाई खिडकीबाहेर बघत नव्हती की हसतही नव्हती. बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती आणि ते आट्यांवर बसत नव्हतं.

लागू पडेना. हा शब्द कुठे ऐकला होता? वॉर्डातली ती खिडकी. सलाइनची काठी नेली ती नंतर. त्याच्या आधी, कितीतरी आधी, एक वयस्कर डॉक्टरीण आईला कॉरिडॉरमध्ये काही समजावत होती आणि आई पदराचं टोक चावत मान हलवत होती. ती स्वतः जवळच भिंतीला टेकून उभी होती. लघवीतून जंतू रक्तात गेलाय. औषधं बदलून पाहतोय, पण एकही लागू पडत नाही. यांनी आधी फार औषधं घेतलीत का? आणि आई अभिमानानं म्हणाली होती, घेतलीत ना, काही कमी पडू दिलं नाही. हे सगळं तिनं ऐकलं होतं. इतकी वर्षं ते कुठे होतं? तिनं फक्त काठी नेलेली लक्षात ठेवली होती. औषध थांबवलं म्हणून वडील गेले, असं तिनं धरून ठेवलं होतं. पण औषध तर आधीच थांबलं होतं, आत, त्यांच्या रक्तात. डॉक्टरनं फक्त सुई काढली होती. ती पंप तसाच लावून बसून राहिली. दूध यायला लागलं होतं, तिला कळलंही नाही.

परत आली तेव्हा बगळा पेटीपाशीच होता. स्टूल ओढून बसला होता, लांब पाय कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. बाळाकडे बघत होता आणि अंगठ्याचं नख कुरतडत होता. नख पार आतपर्यंत खाल्लेलं होतं.

"तुम्हाला खात्री आहे?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"म्हणून बसलोय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काल हा माणूस गोड हसला होता, ते आयांना धीर द्यायचं शिकवलेलं हसू होतं. आता ते गळून पडलं होतं आणि खालचा चेहरा खिसे चाचपणाऱ्या माणसाचा होता. तो घाबरलेला होता. तिच्याइतकाच. औषध लावून टाकणं त्याला किती सोपं होतं, हे तिच्या एकदम लक्षात आलं. लावलं असतं तर ती गप्प बसली असती, नणंद गप्प बसली असती, आणि तो चहा प्यायला गेला असता.

तिनं नणंदेला फोन केला. "गाडी नको."

"अगं, निघालीय ती! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता माझं तोंड काय राहिलं?"

"नको, ताई."

"उद्या काही झालं तर मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

तिनं फोन ठेवला. आपण काय केलं हे तिला नीट कळत नव्हतं. तिचा विश्वास बसला होता असं नव्हतं. ती दुसऱ्या बाजूला दुसरं स्टूल घेऊन बसली आणि बाळाच्या छातीवर नजर लावली. मधे बाळ आणि दोन बाजूंना दोन संशयी माणसं. दुपार तशीच गेली. नवरा आला, त्यानं दोघांकडे पाहिलं आणि तोही भिंतीशी उभा राहिला. बाळ श्वास विसरलं नाही. संध्याकाळी एकदा त्याची छाती थबकली, ती दोघं एकदमच उठली, आणि बाळानं जांभई दिली. बगळा हसला. हे हसू शिकवलेलं नव्हतं, जरा बावळट होतं.

दुसऱ्यांदा पाठवलेल्या रक्तातही काही वाढलं नाही. तिनं रिपोर्ट मागून स्वतः वाचला, वरचं नाव पुन्हा पुन्हा पडताळलं. मग नळी निघाली, तारा निघाल्या, बाळ अंगावर प्यायला लागलं. पहिल्यांदा ओढलं तेव्हा तिला कळ आली आणि ती रडली, आणि सिस्टर म्हणाली, "आई, आता हा तुम्हाला सोडत नाही बघा." वजन वाढलं. एका सकाळी घरी न्या म्हणाले.

ती बाळाला गुंडाळून कॉरिडॉरमध्ये आली तेव्हा नवरा लिफ्टपाशी उभा होता, सवयीनं लिफ्टच्या दाराचा आवाज ऐकत. काचेच्या खोलीतून जुळ्यांची आई बाहेर येत होती. झगा काढून आली होती, केस टोपीनं चपटे झालेले. हिला पाहून थांबली.

"चाललीस?"

"हो. तुमचा?"

"आहे," बाई म्हणाली. "काल एक पिचकारी कमी केली. चांगलं म्हणून केली की कसं, ते मी विचारलं नाही."

"विचारा," ती म्हणाली. "बगळा सांगतो. खात्री नसली तर तसंही सांगतो."

बाई हसल्यासारखी झाली आणि बाळाचं तोंड बघायला एक पाऊल पुढे आली. आणि ही मागे सरली. अर्धंच पाऊल, तिच्या नकळत, बाळाला छातीशी घट्ट धरून. काचेआडची खोली, वेगळा झगा, वेगळी सिस्टर, सगळं तिच्या अंगाला तिच्याआधी आठवलं होतं. तिनं स्वतःला सावरलं, पुढे व्हायला हवं, काहीतरी बोलायला हवं. पण तोवर त्या बाईनं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट गुंतवले होते.

"नाही गं, हात नाही लावत," ती म्हणाली. "मलाच नको वाटतं. तू फक्त जरा तोंडावरचं फडकं बाजूला कर. मी इथूनच बघते."

तिनं फडकं बाजूला केलं. उजेड तोंडावर आला म्हणून बाळानं कपाळाला आठ्या घातल्या. लिफ्ट आली, दार उघडलं, नवऱ्यानं ते हातानं धरून ठेवलं. दार बंद व्हायला धडपडत राहिलं, तो धरून राहिला. ती बाई हात मागे बांधून, मान पुढे काढून, पोटभर बघत होती.